थंड समुद्रातला नवा जिवाणू: पाण्याच्या बाटलीपासून अधिकृत नावापर्यंत

४ अंशांच्या इनक्युबेटरमधली प्लेट तेविसाव्या दिवशी उघडली आणि कडेला टाचणीच्या डोक्याएवढी फिकट नारिंगी कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा पुंजका, दिसली, की पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: ही नवी प्रजाती असेल का? माझ्या अनुभवात या प्रश्नाचं छापण्याजोगं उत्तर मिळायला दोन वर्षं तरी जातात. 'नवी' हा तुलनेचा शब्द आहे. आजवर अधिकृत नाव मिळालेल्या सगळ्या प्रजातींशी ताडून पाहिल्याशिवाय तो वापरता येत नाही. म्हणजे आपला जिवाणू नीट ओळखायचा आणि त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईकही तितक्याच बारकाईने ओळखायचे. या कामात नव्याने येणारी मुलं पहिल्या अर्ध्या कामात जीव ओततात, दुसऱ्या अर्ध्याला वेळच उरत नाही, आणि शोधनिबंध तिथेच अडतो. म्हणून या लेखात मी तुलनेच्या भागावर जास्त थांबणार आहे.

एक शब्दांचा खुलासा आधी करतो. शाळेच्या पुस्तकात संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड असते. तिथे प्रजाती म्हणजे जीनस. प्रयोगशाळेत आणि वर्तमानपत्रांत मात्र आपण स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतो. इथे मी हीच बोलीतली पद्धत ठेवली आहे: प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला जीनस.

ठिकाण आणि परवानग्या

उदाहरणासाठी कोंग्सफ्योर्डन घेऊ. स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची, सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावरची ही खाडी. तिच्या काठावरच्या नी-ऑलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ सालापासून आहे. २०१४ मध्ये याच खाडीत 'इंडार्क' हा पाण्याखालचा निरीक्षण-संच बसवला गेला. या मोहिमांची व्यवस्था गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. खाडीच्या तोंडाकडून अटलांटिकचं तुलनेने कोमट, खारं पाणी आत येतं, तर डोक्याकडून हिमनद्यांचं गोडं, गढूळ वितळपाणी. काही किलोमीटरच्या अंतरात क्षारता, तापमान आणि गाळ इतके बदलतात की एकाच दिवसात तीन वेगळ्या अधिवासांचे नमुने घेता येतात.

नमुना ज्या देशाच्या हद्दीतला, त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. स्वालबार्डचा असेल तर नॉर्वेचे नियम, अंटार्क्टिकाचा असेल तर अंटार्क्टिक करार आणि त्याखालचा पर्यावरण संरक्षणाचा प्रोटोकॉल, भारताच्या सागरी हद्दीतला असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा. परवानगीचा कागद निघण्याआधीच हातात हवा. कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू) संग्रहात जमा करताना आणि निबंध पाठवताना तो मागितला जातो, आणि मागच्या तारखेने तो मिळत नाही.

पाणी घेणं

खोलवरचं पाणी निस्किन बाटलीने घेतात. ही दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली सोडलेली नळीसारखी बाटली असते. हव्या त्या खोलीवर तिची झाकणं मिटवतात. सोबत क्षारता, तापमान आणि खोली मोजणारा सीटीडी संच असतोच. बाटली वर आली की रसायनशास्त्रवाले, प्लवकवाले आणि आपण असे सगळेच तिच्याभोवती जमतात. जिवाणूंसाठीचं पाणी सर्वांत आधी काढून घ्या, नाहीतर नळाला दहा हात लागलेले असतात.

निर्जंतुक बाटल्या आधीपासून थंड करून ठेवा. ३५ क्षारतेचं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे अस्सल शीतप्रेमी जिवाणू शून्याखालीही मजेत जगत असतो. त्याला २० अंशांच्या खोलीत अर्धा तास ठेवणं हा त्याच्यासाठी ताप आहे. बोटीच्या डेकवर ऊन असतं, इंजिनची ऊब असते. बर्फाच्या पेटीत, अंधारात, २ ते ४ अंशांवर बाटल्या ठेवून काही तासांत काम सुरू करायला हवं. पिपेटची टोकं, पातळ करायचं पाणी, आगरच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) प्लेटा हे सगळं थंड हवं. थंडीची ही साखळी कुठेही तुटली तर शीतप्रेमी आधी मरतात आणि थंडी नुसती सोसणारे उरतात. मग प्लेटवर भरपूर कॉलनी येतात, पण त्या बहुतेक जुन्या ओळखीच्या असतात.

वहीत अक्षांश-रेखांश, खोली, तापमान, क्षारता, वेळ लिहा. प्रजातीच्या वर्णनात हे आकडे जसेच्या तसे जातात. एका बाटलीत निर्जंतुक पाणी भरून तिलाही सगळ्या पायऱ्यांतून न्या. तिच्या प्लेटवर काही उगवलं, तर ते आपल्या हातातून किंवा हवेतून आलेलं आहे.

प्लेटा आणि थांबण्याची सवय

सर्वांत चालतं माध्यम झोबेलचं, म्हणजे मरीन आगर २२१६. क्लॉड झोबेल यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेलं. लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार. खुल्या समुद्रातल्या जिवाणूंसाठी ही मेजवानीच होते, आणि मेजवानीत धावणारे पुढे जातात. म्हणून पूर्ण ताकदीच्या माध्यमाबरोबर दहापट पातळ केलेलं माध्यम आणि समुद्राच्या पाण्यात बनवलेलं आर२ए हे कमी पोषकांचं आगरही ठेवा.

पोअर प्लेट पद्धत इथे वापरू नका. वितळलेलं आगर ४५ अंशांच्या आसपास ओततात, आणि २० अंशांवर मरणाऱ्या जिवाणूवर ते ओतल्यावर काय उरणार? १०० मायक्रोलिटर नमुना थंड प्लेटवर पसरायचा. तोही सरळ, १० पट पातळ आणि १०० पट पातळ असा तिन्ही प्रकारे. पातळ करायला त्याच ठिकाणचं गाळून निर्जंतुक केलेलं पाणी घ्या. साध्या सलाइनमध्ये काही समुद्री जिवाणूंच्या पेशी फुटतात.

प्लेटांचा एक संच ४ अंशांवर, दुसरा १५ अंशांवर. पॅराफिल्म लावून, पिशवीत घालून ठेवा, कारण दोन महिन्यांत आगर वाळून पापडासारखं होतं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात प्लेटा बघा आणि प्रत्येक वेळी नव्या आलेल्या कॉलनीला वेगळ्या रंगाच्या पेनने खूण करा. कोणती कॉलनी कधी उगवली, ही नोंद पुढे फार कामाची ठरते. माझं मत असं की पहिल्या आठवड्यात आलेल्या मोठ्या, चकचकीत कॉलनींवर फार वेळ घालवू नये. सहाव्या आठवड्यातली बारीक कॉलनी आधी उचला.

थांबायचं किती, याचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण देतो. अलास्कातल्या पॉइंट बॅरोच्या समुद्री बर्फातून मिळालेला 'सायक्रोमोनास इंग्रॅहॅमी' उणे १२ अंशांवर वाढतो, आणि तिथे त्याला एकदा दुप्पट व्हायला २४० तास लागतात. दहा दिवसांत एक विभाजन! आपल्या प्लेटवर असलं कोणी असेल, तर चौदाव्या दिवशी 'वाढ नाही' असं लिहून प्लेट टाकून देणं म्हणजे त्याला हाताने कचऱ्यात टाकणं.

एवढं करूनही समुद्रातले बहुतेक जिवाणू प्लेटवर येतच नाहीत. पाण्यात रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तर मिलिलिटरमध्ये लाखाच्या घरात पेशी दिसतात, आणि प्लेटवर त्यांचा अगदी छोटा अंश उगवतो. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी या तफावतीवर बोट ठेवलं. तिच्यावरचा एक उपाय म्हणजे नमुना इतका पातळ करायचा की प्रत्येक खाचेत एक-दोनच पेशी पडाव्यात, आणि त्यांना नुसत्या समुद्राच्या पाण्यात वाढू द्यायचं. जगभरच्या समुद्रात मुबलक असलेला, पण १९९० पासून फक्त जनुकाच्या क्रमावरून ठाऊक असलेला एसएआर११ गट २००२ मध्ये याच पद्धतीने पहिल्यांदा कल्चरमध्ये आला. वेळ आणि फ्लो सायटोमीटर (पेशी मोजणारं यंत्र) असेल तर ही वाट जरूर धरा. पहिल्या खेपेला प्लेटा पुरेशा आहेत.

शुद्ध कल्चर आणि साठा

उचललेली कॉलनी किमान तीन-चार वेळा पुन्हा स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरा. ४ अंशांवर प्रत्येक फेरीला दोन आठवडे धरले, तर यातच दोन महिने जातात. मला माहीत असलेल्या फसलेल्या प्रकल्पांपैकी निम्मे याच टप्प्यावर बिघडले. शीत समुद्रातले चिकट कॉलनीचे जिवाणू आपल्या श्लेष्मात दुसऱ्याला लपवून ठेवतात, आणि ही जोडी वर्षभर एकाच नावाने वावरते. प्रत्येक फेरीत ग्रॅम स्टेन (पेशी रंगवून पाहण्याची चाचणी) करून पाहा. एक प्लेट ३७ अंशांवरही ठेवा. तिथे झटकन वाढलं तर ते समुद्रातलं नसून कुणाच्या कातडीवरचं असण्याची शक्यता मोठी.

कल्चर शुद्ध झाल्याच्या दिवशीच साठा करा: मरीन ब्रॉथमध्ये २० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंश, निदान पाच कुप्या, शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये. महिन्याने एक कुपी काढून ती जगते का ते तपासा. काही शीतप्रेमी पहिल्याच गोठण्यात मरतात. हे आजच कळलं तर पर्याय शोधता येतो.

१६एस: पहिली चाळणी

१९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवसृष्टीची विभागणी नव्याने मांडली. त्याच रेणूचं १६एस नावाचं जनुक आज जिवाणूच्या ओळखीची पहिली पायरी आहे. सुमारे १५०० बेसांचं (डीएनएच्या अक्षरांचं) हे जनुक २७एफ आणि १४९२आर या प्रायमरांनी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, पीसीआर करून वाढवतात, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढतात. सिक्वेन्सिंग (बेसांचा क्रम वाचणं) दोन्ही बाजूंनी करा, मधला एक प्रायमरही घ्या, आणि शेवटी किमान १४०० बेसांचा स्वच्छ क्रम हातात ठेवा. क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगचा आलेख, स्वतः डोळ्यांनी वाचा. जिथे दोन शिखरं एकावर एक दिसतात, तिथे एक तर कल्चर मिसळलेलं असतं किंवा जनुकाच्या प्रतींमध्ये फरक असतो.

तुलना करताना मुलं एक चूक हमखास करतात. एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेसच्या साध्या ब्लास्ट शोधात पहिले पन्नास निकाल 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' किंवा कुणीतरी प्रजातीच्या नावाविना नोंदवलेल्या स्ट्रेनचे (एकेका शुद्ध वाणाचे) येतात. ९९.८ टक्के जुळलं म्हणून ते निराश होतात. नावाविनाच्या स्ट्रेनशी जुळणं नव्या प्रजातीच्या आड येत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशी करायची असते, म्हणजे ज्या कल्चरवर त्या प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं आहे त्याच्याशी. ईझीबायोक्लाउड या संकेतस्थळावरचा शोध अधिकृत नावं असलेल्या प्रजातींपुरता ठेवता येतो. तिथे पाहा, आणि प्रत्येक नाव अधिकृत आहे का, ते एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत तपासा.

उंबरठा किती? १९९४ मध्ये ९७ टक्के मानला गेला होता, पुढे तो ९८.७ टक्क्यांपर्यंत वर सरकला. १४०० बेसांच्या क्रमात ९८.७ टक्के म्हणजे साधारण १८ बेसांचा फरक. साम्य याहून कमी असेल तर प्रजाती वेगळी, हे बहुतेक निश्चित. साम्य जास्त असेल तर मात्र काहीच ठरत नाही. स्यूडोअल्टेरोमोनास, सायक्रोबॅक्टर, शेवानेला या थंड समुद्रात भरपूर सापडणाऱ्या जीनसांमध्ये १६एस ९९ टक्क्यांहून अधिक जुळूनही प्रजाती वेगळ्या असतात. म्हणून ९९.२ टक्के आलं तर कल्चर टाकू नका, जीनोमकडे, म्हणजे संपूर्ण डीएनएकडे, जा. उलट साम्य ९४ ते ९५ टक्क्यांच्याही खाली गेलं, तर नवा जीनसच असू शकतो. तेव्हा आनंद होणं साहजिक आहे, पण आधी क्रम पुन्हा तपासा.

वंशवृक्ष काढताना नेबर-जॉइनिंग आणि मॅक्झिमम लाइकलिहूड या दोन्ही पद्धती वापरा, १००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या आहेत ते तपासणाऱ्या फेऱ्या) घ्या, आणि त्या जीनसमधल्या सगळ्या टाइप स्ट्रेन वृक्षात घ्या. सोयीच्या पाच निवडलेल्या असल्या, तर परीक्षक ते पहिल्या पानावरच ओळखतात.

जीनोम

पूर्वी इथे डीएनए-डीएनए संकरण करायचे. दोन जिवाणूंचे डीएनए वितळवून एकत्र जुळू द्यायचे आणि किती जुळले ते मोजायचं. १९८७ मध्ये ७० टक्के ही सीमा ठरली. काम किचकट होतं आणि एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीत येत नसे. आज तेच उत्तर संगणकावर मिळतं. सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल संकरणाचा आकडा ७० टक्क्यांच्या खाली आला, की प्रजाती वेगळी मानतात. डिजिटल संकरणाचा आकडा टीवायजीएस या जर्मन सर्व्हरवर मोफत काढता येतो, आणि तो सर्व्हर जवळच्या टाइप स्ट्रेन स्वतःच शोधून देतो.

जीनोमची प्रत महत्त्वाची. किमान ५० पट कव्हरेज घ्या, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी पन्नास वेळा वाचला जायला हवा. चेकएम या प्रोग्रॅमने पूर्णता आणि भेसळ तपासा. भेसळ ५ टक्क्यांवर दिसली तर कल्चर शुद्ध नाही, असं धरून मागे फिरा. मग जीनोममधून १६एस जनुक काढून आधी पीसीआर करून सँगर पद्धतीने वाचलेल्या क्रमाशी जुळवा. ही दहा मिनिटांची तपासणी आहे. दोन्ही जुळले नाहीत, तर नळीवरची नावं कुठेतरी अदलाबदल झाली आहेत.

जवळच्या एखाद्या टाइप स्ट्रेनचा जीनोम कुठेच नसेल, तर ती स्ट्रेन मागवून तुम्हीच त्याचं सिक्वेन्सिंग करा. खर्च वाढतो, पण त्या एका प्रजातीमुळे सगळा दावा लटकत राहण्यापेक्षा ते बरं. आणि एएनआय ९५.३ सारखा सीमेवरचा आकडा आला तर? आकड्यापाशी अडून बसू नका. डिजिटल संकरण, वंशवृक्षातली जागा, वाढीचं तापमान, चयापचय हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवत असेल तर पुढे जा. नसेल तर जुन्याच प्रजातीची नवी स्ट्रेन म्हणून ते प्रसिद्ध करा. तीही कामाची माहिती आहे.

शेजारी-शेजारी तुलना

इथे खरी मेहनत आहे, आणि हा भाग वाचूनच परीक्षक निबंधाची पारख करतात. नियम साधा आहे: जवळच्या दोन-तीन टाइप स्ट्रेन विकत आणायच्या आणि आपल्या जिवाणूबरोबर, त्याच माध्यमात, त्याच तापमानाला, त्याच दिवशी वाढवून सगळ्या चाचण्या करायच्या. जुन्या निबंधातले आकडे उचलून तक्ता भरणं ही पळवाट आहे, कारण पुढे दिसेल तसं तापमान बदललं की आकडेही बदलतात.

या स्ट्रेन जर्मनीच्या डीएसएमझेड, जपानच्या जेसीएम, कोरियाच्या केसीटीसी अशा संग्रहांतून येतात. गोठवून वाळवलेली अँप्यूल मागवा, जिवंत कल्चर शक्यतो नको. एकदा मे महिन्यात मागवलेलं जिवंत शीतप्रेमी कल्चर कागदपत्रांच्या घोळात गोदामात चार दिवस पडून राहिलं. हातात आलं तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं आणि नळीत काहीही जगलेलं नव्हतं. त्या एका नळीपायी सगळा तक्ता तीन महिने पुढे गेला. तेव्हापासून मी असं पार्सल डिसेंबर-जानेवारीत मागवतो आणि आयातीचे कागद आधी पूर्ण करतो.

तापमानाची चाचणी उणे २, ०, ४, १०, १५, २०, २५ आणि ३० अंशांना लावा. शून्याखालच्यासाठी गोठणरोधक द्रव घातलेला वॉटर बाथ लागतो. साध्या फ्रिजवर भरवसा नको, त्याच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यात तीन-चार अंशांचा फरक सहज असतो. पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटर ठेवून रोज वाचा. वाढ ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात, द्रवाच्या गढूळपणावरून मोजा आणि शून्य अंशाच्या नळ्यांना ६० दिवस द्या. मग रिचर्ड मोरिटा यांची १९७५ ची व्याख्या लावा: इष्टतम १५ अंश किंवा कमी, कमाल २० किंवा कमी, आणि शून्यावरही वाढ, तर तो शीतप्रेमी. शून्याला वाढतो पण २५ अंशांवर अधिक खूश असतो, तर तो शीतसहिष्णू. आर्क्टिकच्या खाडीतून मिळालेले अनेक जिवाणू या दुसऱ्या गटातले निघतात. अस्सल शीतप्रेमी कसा असतो ते पाहायचं, तर आर्क्टिक गाळातला 'कोलवेलिया सायक्रएरिथ्रिया ३४एच' घ्या. त्याला ८ अंशांच्या आसपास सर्वांत बरं वाटतं. २००५ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि थंडीत जगण्याच्या अभ्यासाचा तो एक आधार बनला.

मिठाची चाचणी करताना फक्त सोडियम क्लोराइड ० ते १० टक्क्यांपर्यंत बदला. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम तेवढेच ठेवा. अनेक जण सगळंच समुद्राचं पाणी पातळ करतात. मग वाढ थांबली ती सोडियमच्या अभावी की मॅग्नेशियमच्या, हे सांगता येत नाही.

जैवरासायनिक चाचण्यांची तयार किट, म्हणजे एपीआय २०एनई किंवा एपीआय झायएम, दवाखान्यातल्या किंवा कोमट वातावरणातल्या जिवाणूंसाठी बेतलेली आहेत. सूचनापत्रात लिहिलेल्या तापमानाला ठेवलीत तर शीतप्रेमी मरतो आणि सगळे निकाल नकारात्मक येतात. १५ अंशांवर ठेवा, मिठाच्या पाण्यात पेशी मिसळा, कित्येक दिवस वाचत राहा. टाइप स्ट्रेनचे ठाऊक असलेले सकारात्मक निकाल आपल्या हातूनही येतात का, ते पाहा. आले तरच आपल्या जिवाणूचा 'नाही' विश्वासाचा. ऑक्सिडेज, कॅटालेज, ग्रॅम, हालचाल या रोजच्या चाचण्यांवर वेगळं लिहीत नाही. पिवळ्या-नारिंगी कॉलनींवर मात्र २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब जरूर टाका. रंग लालसर-तपकिरी झाला तर फ्लेक्सिरुबिन प्रकारचं रंगद्रव्य असू शकतं, आणि बॅक्टेरॉयडोटा संघात ही खूण उपयोगी पडते.

आता मेदाम्लं. थंडीत पेशीचं आवरण तुपासारखं थिजू नये म्हणून हे जिवाणू त्यात असंतृप्त आणि फांद्या फुटलेली मेदाम्लं वाढवतात. कोलवेलिया, शेवानेला, मोरिटेलामधल्या काही प्रजाती तर ईपीए किंवा डीएचए बनवतात. ही आपण माशाच्या तेलामुळे ओळखतो तीच मेदाम्लं. म्हणजे तोच जिवाणू ४ अंशांवर वाढवला तर एक प्रमाण, १५ वर वाढवला तर दुसरं. आपला ४ वर आणि टाइप स्ट्रेन २० वर वाढवून 'फरक सापडला' म्हणणं चूक आहे. सगळ्यांना चालेल असं एक तापमान निवडा, आणि वाढीच्या एकाच टप्प्यावर, म्हणजे वाढ जोरात असतानाच्या शेवटाला, पेशी काढा. दिवस मोजून काढू नका, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो.

क्विनोनची (पेशीच्या श्वसनसाखळीतल्या रेणूंची) चाचणी महाग असली तरी करा, कारण ती वर्गीकरणाची ढोबळ जागा पक्की करते. फ्लेव्होबॅक्टेरिएसी कुलात एमके-६ हा क्विनोन, समुद्री गॅमाप्रोटिओबॅक्टेरियात बहुतेक क्यू-८, अल्फाप्रोटिओबॅक्टेरियात क्यू-१०. गॅमात बसवलेल्या जिवाणूत क्यू-१० दिसला, तर आधी कल्चरवरच संशय घ्या. ध्रुवीय मेदांसाठी द्विमितीय टीएलसी (पातळ थरावर मेद वेगळे करण्याची पद्धत) लागते. तिचे फोटो चांगले काढा, धूसर फोटोंवरून निबंध परत येतात.

नाव

नाव लॅटिन किंवा लॅटिन वळणाचं हवं आणि दुसरं पद जीनसच्या लिंगाशी जुळायला हवं: पुल्लिंगी जीनसबरोबर अंटार्क्टिकस, स्त्रीलिंगीबरोबर अंटार्क्टिका, नपुंसकलिंगीबरोबर अंटार्क्टिकम. -बॅक्टर पुल्लिंगी, -मोनास स्त्रीलिंगी, -बॅक्टेरियम नपुंसकलिंगी. ठिकाणावरून नाव देताना -एन्सिस किंवा -एन्से लागतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत सिसिन्ति शिवाजी आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या अनेक प्रजातींना नावं दिली. त्यांतलं एक, २००४ मधलं, 'आर्थ्रोबॅक्टर गँगोट्रिएन्सिस'. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिक केंद्राचं, दक्षिण गंगोत्रीचं, नाव त्यात आहे. पुढे जीनसची फेरमांडणी झाली आणि हा जिवाणू 'पेनिग्लुटामिसिबॅक्टर' या जीनसमध्ये गेला. पहिलं पद बदललं, गंगोत्री राहिली. म्हणून दुसरं पद विचार करून निवडा. ते टिकतं.

व्यक्तीचं नावही देता येतं. कोलवेलिया सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्यावरून, मोरिटेला मोरिटांवरून. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. 'सायक्रोफिलस' (शीतप्रेमी) हे पद तेव्हाच वापरा, जेव्हा मोरिटांच्या व्याख्येत तुमचा जिवाणू खरोखर बसतो.

ठेव आणि प्रसिद्धी

टाइप स्ट्रेन किमान दोन वेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत जमा करावी लागते आणि दोघांची प्रमाणपत्रं निबंधासोबत जोडावी लागतात. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, म्हणजे एमसीसी, आणि चंदिगडचं एमटीसीसी हे दोन मोठे संग्रह आहेत. दोन्ही भारतातलेच असल्याने त्यांच्यापैकी एक आणि एक परदेशातला लागतो. संग्रहाकडून प्रमाणपत्र यायला महिने लागतात, कारण तेही कल्चर वाढवून तपासतात. तुमचा जिवाणू ४ अंशांवरच वाढतो, हे अर्जात ठळक लिहा. ते न लिहिल्यामुळे नेहमीच्या २८ किंवा ३० अंशांना ठेवलेली कल्चर 'जिवंत नाही' असा शेरा मिळवून परत आलेली मी पाहिली आहेत.

जिवाणूंच्या नावांचा अधिकृत हिशेब १ जानेवारी १९८० च्या मान्य यादीपासून सुरू होतो. नवं नाव आयजेएसईएम या नियतकालिकात छापून आलं की ते वैध ठरतं. दुसऱ्या नियतकालिकात छापलं, तर आयजेएसईएमच्या वैधता यादीत त्याची नोंद व्हावी लागते. तोवर नाव छापलेलं असलं तरी नियमाप्रमाणे वैध नसतं. कल्चर मिळालंच नाही आणि फक्त जीनोम हातात असेल, तर 'कँडिडेटस' ही तात्पुरती पदवी आहे. २०२२ पासून सीक्वेन्सवर आधारलेला सीककोड हा वेगळा मार्गही खुला झाला आहे.

निबंधात सगळ्यांत शेवटी वर्णनाचा परिच्छेद येतो: नावाची व्युत्पत्ती, पेशीचा आकार, तापमान-मीठ-पीएचच्या मर्यादा, चाचण्यांचे निकाल, मुख्य मेदाम्लं, क्विनोन, जीनोममधलं जी आणि सी बेसांचं प्रमाण, टाइप स्ट्रेनचे दोन्ही संग्रहांतले क्रमांक, आणि नमुना कुठून, किती खोलीवरून आला. तुमचा निबंध न वाचणारेही हा परिच्छेद वाचतील, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा वहीतल्या मूळ नोंदीशी पुन्हा ताडून पाहा.

प्रमाणपत्रं हातात आली तरी काम संपलं असं मानू नका. दोन्ही संग्रहांतून आपलीच स्ट्रेन एकेक नळी परत मागवा, १६एस पुन्हा करा आणि आपल्या फ्रीझरमधल्या पहिल्या कुपीशी जुळवा. तिन्ही क्रम बेसागणिक जुळले, की निबंध पाठवा.